मोरीतल्या मुंग्या

"लंगोटाला मुंग्या लागतायत, बाय. पोरीला डाक्टरला दाव," असं गंगुबाई म्हणाली, तेव्हा श्रद्धाने हसून मोरीत फिनेल ओतलं होतं. पोफळीच्या कॉलनीत, श्रद्धाच्या माहेरी, गंगुबाई बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येई. श्रद्धा बीएस्सी झालेली. मुंग्या कुठे नसतात, म्हणाली. आईनेही तिचीच री ओढली.

सानवी तेव्हा पंधरा दिवसांची होती. दीड महिन्याची झाली आणि तिला झटके यायला लागले. रत्नागिरीच्या इस्पितळात आणली तर साखर साडेपाचशे. जन्मापासूनचा मधुमेह, हजारो बाळांत एखाद्याला होतो आणि त्यातल्या काहींच्या मेंदूलाही धरतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आज ती दहा महिन्यांची आहे, अजून मान धरत नाही.

घरात कुणाचं तान्हं बाळ गेलंय का, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. श्रद्धाने ठामपणे नाही सांगितलं. शेजारी बसलेली आई पिशवीत चमचा शोधत राहिली.

गेल्या महिन्यात गंगुबाई नाचणीचं सत्त्व घेऊन इस्पितळात आली. सानवीचे पाय चोळता चोळता म्हणाली, "तुझ्या आधी तुझ्या आयला झालेल्या पोराचं अस्संच झालं, गेलं ते. मीच न्हाऊ घालायची त्याला."

आपल्या आधी कुणी होतं, हेच श्रद्धाला ठाऊक नव्हतं.

आईने फोनवर नाकारलं नाही. उलट शांतपणे म्हणाली, "बाहेरच्या घरात द्यायची तर सगळं सांगावं लागलं असतं. आत्याला माहीतच होतं. तुमचं भलंच बघितलं."

आत्याने दोघी बहिणींना आपल्या दोन्ही मुलांसाठी मागितलं ते मायेने, असं श्रद्धा इतकी वर्षं धरून चालली होती. आणि सानवीच्या जनुकांचा रिपोर्ट सांगत होता, दोष दोन्हीकडून आलाय. तिच्या नवऱ्याकडून, विनीतकडूनही, आणि तिच्याकडूनही.

मंगळवारी धाकटी योगिनी बाळंत झाली, त्याच माहेरी. मुलगा झाला. या वेळी गंगुबाईला बोलावलेलं नाही. आणि डायपरला नाकं मुरडणारी आई म्हणाली, आता डायपरच आणलेत, लंगोट कोण धुणार. गुंडाळून कचऱ्यात टाकलेल्या डायपरला मुंग्या लागल्या तर दिसणार कुणाला? श्रद्धाने आईला फोनवर बाळाची साखर तपासायला सांगितलं. आईबाप दोघांतही दोष असला तरी चार बाळांत एखाद्यालाच होईल, पण वेळेत कळलं तर काही बाळांना नुसती गोळीही पुरते, हेही सांगितलं.

"तुझ्या घरात झालं म्हणून तिच्याही घरात व्हावं, असं वाटतं होय तुला?" आई म्हणाली.

तेव्हापासून योगिनीचा फोन आईच उचलते. विनीत म्हणतो, मामीला कशाला दुखवायचं. सानवीला सलाईन लागलंय, श्रद्धाला खाटेपासून हलता येत नाही.

म्हणून हे वाचणारं पोफळीकडचं कुणी असेल, तर त्याच्याकडे श्रद्धाचं एक मागणं आहे. दुसऱ्या मजल्यावर, दारात जास्वंदीची कुंडी असलेली खोली. बाळ बघायला आलोय म्हणा, बाळ बघायला आलेल्याला आई परत पाठवत नाही. ती चहा टाकायला आत गेली की योगिनीला सांगा, ताईने सांगितलंय, बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब तपासून घे. आणि बाळ नीट दूध ओढतं का, तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.