खालून हूक दिसतो

सिस्टरने हाताच्या शिरेतली सुई पट्टीने पक्की केली आणि ती सरळ उभी राहायच्या आत त्याने विचारलं,

"संडास कुठे आहे?"

"आत्ताच जाऊन आलात ना?"

"हो, पण ह्याच्यासकट जायचं झालं तर?" त्याने सलाईनच्या स्टँडकडे मान वळवली.

सिस्टरला हा प्रश्न नवा नसावा. स्टँडवरच्या छोट्या पंपाची वायर भिंतीत जात होती. ती खेचायची, पंप बॅटरीवर चालू राहतो, स्टँड ढकलत न्यायचा, परत आल्यावर वायर लावायची. तिने एकदा करून दाखवलं. त्याने दोनदा करून पाहिलं. शेजारच्या खुर्चीतली बाई डोळे मिटून पडली होती, तिने एक डोळा उघडला.

गेले कित्येक महिने त्याचं हेच चाललं होतं. बँकेत गेला तरी आधी संडास शोधायचा, दुकानात गेला तरी तेच. मेव्हण्याकडे तर मेव्हण्याच्या आधी त्याचीच विचारपूस. नळीचा कॅमेरा आत घालून तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, क्रोन्स. शरीराची राखणदार फौज आपल्याच आतड्यावर उलटली आहे, म्हणाले. मुळापासून जात नाही, पण औषधाने शांत ठेवता येतो. तोवर सूज उतरवायला गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी त्याच्या अंगात मुंग्या सोडल्यासारखं झालं होतं. आज त्या लांब पल्ल्याच्या औषधाची पहिली बाटली होती.

"बसा की एका जागी," बायको म्हणाली. "वर तर दिवसभर बसता."

"वर बसायला काहीतरी काम असतं."

"इथेही आहे. औषध घ्यायचं."

तो क्रेन चालवायचा. उंच इमारतींच्या बांधकामावरची, एका पायावर उभी असते तसली. शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये जायचं आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत तिथेच राहायचं. लघवीचं रिकाम्या बाटलीवर भागायचं. बाकीचं दाबून धरायचं, नाहीतर अख्खी शिडी उतरायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आजार आटोक्यात येईपर्यंत उंचीवर एकट्याने बसायचं नाही, आणि कामावर कल्पना द्यायची. त्याने मान डोलावली होती आणि फोरमनला सांगितलं होतं की चुलतभावाचं लग्न आहे. कारण बदलीवाला टपूनच होता. एकदा का तो त्या खुर्चीत बसला, की उठणार नव्हता. आणि खाली उतरून आपण काय करणार, हे त्याला सुचत नव्हतं.

खिडकीतून त्याची क्रेन दिसत होती. छपरांच्या पलीकडे तिचा पिवळा हात सावकाश फिरत होता. भलताच सावकाश. बदलीवाला ब्रेक उशिरा लावतोय, त्याच्या मनात आलं, आणि तिथे क्रेनचा दांडा असावा तशी खुर्चीच्या हातावरची त्याची बोटं मागे ओढू लागली.

"अहो, सुई," बायको म्हणाली.

तेवढ्यात दारात हातवारे उभे राहिले.

हातवारे म्हणजे खाली जमिनीवर उभा राहून क्रेनला खुणा करणारा माणूस. त्यांचं खरं आडनाव कामावर कुणाच्या लक्षात नव्हतं. माल ते बांधायचे, हुकाला अडकवायचे आणि हाताने सांगायचे. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल, खाली करून फिरवली की उतरव. दोघांचं बारा वर्षं असंच बोलणं झालेलं. समोरासमोर बसायची वेळ आली की दोघंही हवापाण्यावर यायचे.

हातवाऱ्यांच्या काखेत एक चपटी, विटकी उशी होती.

"केबिनमधली तुझी," ते म्हणाले. "बदलीवाल्याने खाली फेकली. म्हटलं, उगाच मातीत कशाला."

त्याला धस्स झालं. उशी फेकली म्हणजे बदलीवाला घर मांडायला लागला होता. मग दुसरंच लक्षात आलं.

"मी इथे आहे हे कुणी सांगितलं?" त्याने बायकोकडे पाहिलं.

"मी नाही," बायको म्हणाली. "त्यांनीच फोन केला. म्हणाले, कुठल्या हॉस्पिटलात आहे तेवढं सांगा."

"लग्नाला जाणारा माणूस आठवडाभर आधीपासून पाव कुरतडत नाही," हातवारे म्हणाले आणि स्टुलावर बसले.

त्याने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. पिवळा हात फिरतच होता.

"तुम्ही इथे, मग खाली कोण आहे?"

"आहे एकजण. मला स्टोअरला टाकलंय."

"कधीपासून?"

"परवापासून. बांधणी जमत नाही म्हणे आता. एकदा बांधलेला भारा सोडतो, परत बांधतो, माल अडून राहतो." हातवाऱ्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच. "स्टोअर बरं आहे. सावली असते."

त्याच्या कानशिलांपाशी गरम झालं. गेल्या आठवड्यात फोरमनने त्यालाच विचारलं होतं. काम का रखडतं? हातवारे पुन्हा पुन्हा का बांधतात? त्या रिकाम्या वेळात तो स्वतः पाय मोकळे करायच्या नावाखाली खाली उतरायचा. फोरमनचं लक्ष आपल्या उतरण्याकडे जाऊ नये म्हणून तो घाईघाईने म्हणाला होता, वय झालं त्यांचं, हात पूर्वीसारखा राहिला नाही. आणि ते त्याला तेव्हा खरंही वाटलं होतं. हातवाऱ्यांची चीडही आली होती.

"डोळे दाखवून घ्या एकदा," तो आता म्हणाला. आवाज नको तेवढा रुक्ष आला.

"घेऊ की."

बायको दोघांकडे पाहत होती. तिने विचारलं, चहा आणू का. हातवारे म्हणाले, आणा, पण साखर बेताने, आणि खालच्या मजल्यावरचं मशीन दोन बटणं दाबली तरी एकच चहा देतं, मघाशी माझी फजिती झाली. ते सांगत असतानाच त्याच्या पोटात कळ उठली. उजवीकडे, खाली, नेहमीच्या जागी. चेहरा त्याने बारा वर्षं काचेआड ठेवला होता, तो हलू द्यायचा नाही हे त्याला जमायचं. फक्त खुर्चीच्या हातावरची बोटं किंचित थरथरली.

हातवारे वाक्य अर्धं सोडून वाकले आणि त्यांनी भिंतीतली वायर खेचली.

"चल," ते म्हणाले आणि स्टँड त्याच्या पुढ्यात आणला.

संडासाचं दार लावून तो बसला. पंप बारीक गुरगुरत होता. त्याला एकेक भारा आठवायला लागला. सळयांचा, त्या ढगाळ दुपारचा. खिडक्यांच्या चौकटींचा. कळ यायची, दात आवळून तो दांडा धरायचा, आणि नेमके तेव्हाच खालून हातवारे दोन्ही हात पोटापाशी गुंफायचे: सगळं आहे तिथे थांब. मग माल खाली, गाठी सुट्या, आणि वॉकीटॉकीवर त्यांचा कंटाळलेला आवाज, वेळ लागेल रे, उतरायचं तर उतर. प्रत्येक वेळी आपलं नशीब चांगलं, असं त्याने मानलं होतं. बारा वर्षांत ज्या माणसाची एक गाठ सुटली नाही, त्याच्या गाठी याच वर्षी चुकायला लागल्या, हे त्याला एकदाही विचित्र वाटलं नव्हतं.

त्याला स्वतःची लाज वाटली. तोंडावर पाणी मारून तो बाहेर आला तरी ती गेली नाही.

हातवाऱ्यांनी वायर परत लावली.

"तुमच्या गाठींना काही झालेलं नव्हतं," तो म्हणाला.

हातवाऱ्यांनी खिडकीतल्या क्रेनकडे मान वळवली.

"तुला वाटतं वर तू एकटाच असतोस," ते म्हणाले. "मला खालून हूक दिसतो. तुझा हात हलला की तो हलतो. पूर्वी कधी हलायचा नाही."

"बोलला का नाहीत?"

"तू बोलला असतास तर मी बोललो असतो."

"फोरमनला मी सांगितलं, की तुमचं वय झालंय."

"माहीत आहे. त्याने तुझंच नाव घेतलं ना मला हलवताना."

एवढं म्हणून ते उठले, उशी थापटून फुगवायचा प्रयत्न केला आणि त्याच्या पाठीमागे सारली. ती काही फुगली नाही. बायको मान खाली घालून पर्स उघडझाप करत होती. चहाचं कुणालाच आठवलं नाही.

त्याने मोकळ्या हाताने खिशातून फोन काढला. नंबर लावला, तोडला. पुन्हा लावला. त्याचा पाय खाली ठक ठक वाजत होता.

"बोल रे!" पलीकडून फोरमनचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "जेवणं झाली का लग्नाची?"

तो बोलायला गेला आणि अडकला. आता तोंडातून निघेल ते परत घेता येणार नव्हतं. क्रेन जाणार होती, कदाचित कायमची. खिडकीत पिवळा हात काहीतरी घेऊन वळत होता.

"हॅलो? आहेस का?"

हातवारे दोन पावलं मागे सरकले. जमिनीवर उभे राहायचे तसेच पाय फाकवून, मान वर करून उभे राहिले. त्यांनी तर्जनी खाली केली आणि लहानसं वर्तुळ काढलं. बोट घाई करत नव्हतं.

"साहेब, मी लग्नाला गेलेलो नाही," तो म्हणाला. "आणि हातवाऱ्यांची एकही गाठ चुकलेली नव्हती."

फोरमन काहीतरी विचारू लागला. तो एकेक करून सांगत गेला. खिडकीकडे त्याने पाहिलं नाही, तो त्या बोटाकडे पाहत होता.