साळकांच्या तळीत उतरलेली झाकणी

मी एक जुनी झाकणी आहे, मित्रांनो. पण नुसती झाकणी म्हणाल तर मला राग येईल. उपग्रहाने वरून काढलेलं चित्र नीट समजायला मला पाण्यात सोडतात, मला!

माझी तरुणाई गोव्यातल्या लाटंबार्शे गावात, गंगाबाईच्या पेजेच्या टोपावर गेली. टोप फुटला आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. एक दिवस तिची लेक ऋतिका हिने मला खाली काढलं. ती पाण्याचा अभ्यास करते. तिने मला काळा-पांढरा रंग दिला, खाली वजन बांधलं आणि वर दोरी ओवली. पाण्यात मी जितकी खोलवर दिसते, तितकं पाणी नितळ.

गंगाबाई तळीतली साळकं, म्हणजे पांढरी पाणफुलं, म्हापशाच्या बाजारात विकते. यंदा वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या दिवसांत उपग्रहाच्या चित्रात अख्खी तळी हिरवीगार दिसली. शेवाळ माजलंय असं ठरलं आणि तळी यंत्राने मुळापासून खरवडायचा बेत पंचायतीत शिजला. गंगाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"टोपाची झाकणी गेली ती गेली," ती लेकीला म्हणाली, "माझी साळका तेवढी वाचव गो."

उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळी ऋतिका मला घेऊन होडीत बसली. साळकांच्या पानांमधून मी खोल गेले, तरी वरून स्पष्ट दिसत होते. मग शेतातलं पाणी तळीत उतरतं त्या कोपऱ्यात मला सोडलं. हातभर जाते न जाते तोच मी गडप! वाहून आलेल्या खतावर तिथे शेवाळ पोसत होतं. बाकी सगळा हिरवेपणा साळकांचा होता, आणि तीच ते खत शोषून पाणी राखत होती.

"म्हणजे उपग्रह चुकलो?" ऋतिकाने पंचायतीत हे सांगितल्यावर पंच कृष्णनाथ यांनी विचारलं.

"चुकलो नाय," ऋतिका म्हणाली. "तेना हिरवा दाखवल्यान. कसला हिरवा, ता बघूक आपणच पाण्यात उतराक व्हया."

यंत्र आलं नाही. कोपऱ्यातलं शेवाळ गावाने हाताने काढलं आणि वरच्या शेतांत खत बेताने पडू लागलं.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे लाकडी चौकट, बांधली. तिला रानातली, परसातली फळं-फुलंच लटकवतात. गंगाबाईने साळकांचे झुबके बांधले, आणि त्यांच्या मधोमध मला. आलेला प्रत्येकजण विचारी, ही झाकणी इथे कशी? ती मोठ्या तोऱ्यात सगळी हकिगत सांगे, आणि मी ऐकत राही.

मित्रांनो, तुमच्या गावच्या तळीत अधूनमधून डोकावत जा. आणि जुनी झाकणी भंगारात टाकण्याआधी जरा थांबा.