मनकर्णाबाईंच्या घरावर बन्सीचं नाव

"साहेब, या यादीत एक तरी बाई आहे का?"

हे विचारून दाखवायची पैज माझ्या वर्गातल्या जहांआरा आणि उमानं माझ्याशी लावली होती. मी काय भिते? वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून मी कुणालाच भीत नाही! आमच्या नाल्याकाठच्या वस्तीत पक्के रस्ते आणि गटार होणार, घरं कायम होणार, म्हणून घरमालकांची यादी समाजमंदिराच्या भिंतीवर लागली होती. सगळी वस्ती जमली होती.

यादी घेऊन आलेले पालिकेचे साहेब हसले. "बेटा, फॉर्म तुमच्याच लोकांनी भरून दिले. आम्ही नुसती यादी टाईप केली."

लोकही हसले. माझं हसू मात्र गेलं. ते फॉर्म मीच भरले होते. बाबा वस्तीच्या कमिटीत, आणि माझं अक्षर छान. सुट्टीत ते सांगत, मी लिहीत असे. मनकर्णाबाईंच्या फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' आलं तेव्हा मी थांबले होते.

बाबा म्हणाले होते, "नवरा वारला तिचा. दीर हाय ना, बन्सी? त्याचं टाक. बाईमाणसाच्या नावावर घर असतंय व्हय?"

मी टाकलं. अगदी वळणदार! नंतर बाई अंगठा द्यायला आल्या. बांधकामावर विटा वाहून त्यांनी ते घर उभं केलं होतं. फॉर्मकडं बघून म्हणाल्या, "लई झ्याक लिवतीस गं पोरी."

आणि आता बन्सी यादीवर बोट ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, घर माझं हाय. तुम्ही आपलं सोयगावला माहेरी जावा."

बाई माझा हात धरून म्हणाल्या, "हा काहीबी बोलतोय. कालिंदी, तू वाच बरं. माझं नाव कुठं हाय?"

हात सोडवून मी घरी पळाले.

घरी आई भाकरी थापत होती. बाबा मागोमाग आले. "कशाला विचारायचं गं चारचौघांत?"

"बाबा, हरकत घ्यायला सोमवारपर्यंत मुदत आहे. मनकर्णाबाईंचा अर्ज मी लिहिणार. चुकीचं नाव मी भरलं, तुमच्या सांगण्यावरून भरलं, हेही लिहिणार."

"येडी झालीस का? वस्तीत तोंड कसं दाखवू मी?"

आईचे हात परातीत थांबले.

"मला तर आजच दाखवता आलं नाही, बाबा. अर्ज साहेबांपुढं वाचणार, बन्सीकाकांसमोर वाचणार. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत. नाही आलात, तर एकटी जाणार."