बोलणारी दुसरीच बाई

"हाय नाही, अंकिता. आहे! पुन्हा म्हण."

"आपल्याकडे पंप... आहे का, सर?"

"शाब्बास. आता हेच घरीही म्हणायचं," धैर्यशील सर म्हणाले आणि सगळा हॉल हसला. मीही हसले. मी सांगलीत वाढले म्हणून वाचले, नाहीतर माझेही वाभाडे निघाले असते.

पंप बनवणाऱ्या साताऱ्याच्या त्या कंपनीत आम्ही नवे पदवीधर ग्राहकसेवेला लागलो होतो. ट्रेनिंग तिथंच राहून. सकाळी मोबाइल गेटवर जमा, घरच्यांकडे फक्त हॉलच्या फोनचा नंबर आणि दिवसभर कंपनीची भाषा. काय बाई ते ट्रेनिंग, जेवताना मीठ मागायचं तरी 'कृपया'!

अंकिता माझ्या खोलीत होती. कुंडलची. तिचे वडील लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. पोरगी 'हापिसात' लागली म्हणून त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. "नापास होऊन घरी गेले तर दादांची मान खाली जाईल गं," ती म्हणायची आणि आरशासमोर 'आहे, आहे' घोकत बसायची. कार्टीनं मलाही झोपू दिलं नाही.

शेवटची परीक्षा फोनवरची. सर शेजारच्या खोलीतून गावाकडचा शेतकरी होऊन हॉलच्या फोनवर बोलायचे. आम्ही गडबडावं म्हणून रडायचे, शिव्या द्यायचे, आमची नावं घ्यायचे. नकला करण्यात माणूस पटाईत! आदल्या दिवशी म्हातारा होऊन असे खोकले की समीक्षा ठरलेली वाक्यं विसरून "आजोबा, आधी पाणी प्या" म्हणाली आणि नापास झाली.

अंकिताची पाळी आली. सर शेजारी गेले. फोन वाजला. स्पीकर सुरू होता.

"आमची अंकिता... हाय का तितं?" आवाज खोल गेलेला, शब्दाशब्दाला धाप.

अंकितानं आमच्याकडे बघून डोळे मिचकावले. "नमस्कार. मी अंकिताच बोलत आहे. आपली तक्रार सांगाल का?"

"न्हाई वं बाई." पलीकडे खोकला आला. "आमची अंकिता आसं न्हाई बोलत."

आम्ही तोंड दाबून हसत होतो.

"मी आपली काय मदत करू शकते?"

"ऱ्हाऊ द्या. कामात आसंल ती. तिला सांगू नगा बरं का, फोन आल्याचं. उगं जिवाला घोर लावून बसंल." फोन ठेवला गेला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "झाली नोकरी पक्की!" तेवढ्यात दारातून सर आत आले, हातात मोबाइल.

"अगं, लाइन बिझी का लागतेय? मी कधीचा फोन लावतोय."

टाळ्या थांबल्या. अंकिताचा चेहरा मला बघवेना. तिनं त्याच फोनवरून घरी नंबर फिरवला. शेजारणीनं उचलला. दादांना छातीच्या दुखण्यानं कराडला ॲडमिट केलं होतं. पोरीचं ट्रेनिंग बिघडेल म्हणून कळवू नका, असं त्यांनीच बजावलं होतं.

मी तिच्याबरोबर एसटीत बसले. वाटेत मला सगळ्यांचा राग येत होता. सरांचा, त्या फोनचा आणि सगळ्यात जास्त आमच्या टाळ्यांचा.

आम्ही पोचलो तेव्हा दादा गेले होते.

तिची आई मनुबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. अंकिता तिच्यापुढं गुडघ्यावर बसली. दोघी गळ्यात पडून रडल्या. मग मनुबाईनं डोळे पुसले.

"जाण्याआदी तुज्या हापिसात फोन लावला त्येंनी. तू न्हाई गावलीस. कोन दुसरीच बाई व्हती म्हनं. लय ग्वाड बोलली म्हनले. आपली अंकीबी आता आशीच बोलंल म्हनून हसलं बग. शेवटचं त्येवढंच हसलं." तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "कोन व्हती गं ती?"

"हाय एक," अंकिता म्हणाली. "आमच्यातलीच."

आणि आईच्या डोक्यावरून घसरलेला पदर ती सारखा करू लागली.