धाकटीच्या झोपेची वही

बाळ रडलं की धाकटी डोळे न उघडताच त्याला जवळ घ्यायची आणि ते पोटभर पिऊन सुस्तावायच्या आत स्वतःच घोरायला लागायची. शेजारच्या खाटेवर थोरली टक्क जागी. एकाच आईच्या पोटच्या दोघी, मग झोप वाढताना थोरलीच्याच ताटात एवढा हात आखडता का? धाकटीचा नवरा जहाजावर होता, म्हणून ती बाळाला घेऊन थोरलीकडे राहायला आली होती. तेव्हापासून थोरलीला नुसतं जागरण उरलं नव्हतं, त्यात जळफळाटाची भर पडली होती.

दोघी एकाच शिवणकारखान्यात. धाकटी मशीनवर, थोरली बारा वर्षं कटिंगच्या टेबलावर. कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूनं आखायचं, मग कटर चालवायचा. बाहीचा साचा एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवायचा, हे तिनंच कितीजणींना शिकवलेलं. एका दुपारी तिनं तो दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. ऐंशी बाह्या निघाल्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या.

"गिऱ्हाइकाला काय सांगू बाई?" मास्तर म्हणाले. "उजवे हात पुढच्या महिन्यात येतील म्हणून?"

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, ते थोरलीनं बरोबर टिपलं.

"पंधरा दिवस विश्रांती घ्या. मग एक लॉट कापून दाखवा, जमलं तर टेबल तुमचं. तोवर धाकटी बघेल. तिला येतं थोडंफार."

झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी एक वही दिली. रोज सकाळी लिहायचं, किती वाजता पडलात, कधी झोप लागली, किती वेळा जाग आली. आठवड्यानं त्यांनी ती उघडली आणि चष्मा वर सरकवला.

"साडेदहाला पाठ टेकली, पाच मिनिटांत झोप. चार वेळा उठलात, पुन्हा लगेच झोप. छान आहे की. आणि हे काय... 'तोंड उघडं, उशीवर लाळ'? हे तुम्हाला कसं कळलं?"

थोरली पदराशी चाळा करत राहिली. "ती बहिणीची झोप आहे."

"आणि तुमची?"

"माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

बाईंनी पेन काढून बेरीज केली. "हिची झोप भरते सव्वापाच तास, तीही तुकड्यातुकड्यांची. आणि तुम्ही रात्रभर तिच्यावर पहारा करताय. पहारेकऱ्याला झोप कशी लागेल?"

मग नियम ठरले. खाट दुसऱ्या खोलीत. बाराच्या आत आडवं व्हायचं नाही. झोप लागो न लागो, साडेपाचला उठायचं. अंथरुणात तळमळ सुरू झाली की बाहेर येऊन बसायचं. दुपारची डुलकी बंद, घड्याळ कपाटात.

थोरलीनं गादी स्वयंपाकघरात नेली. पहिले तीन दिवस आणखीच वाईट गेले, भाजीत मीठ दोनदा पडलं.

"ताई, मी इतकी घोरते का गं?" धाकटीनं विचारलं.

"घोरण्याचं काही नाही. तू झोपतेस ते बघवत नाही मला."

तोंडातून निघून गेलं. धाकटी बाळाच्या झबल्याची घडी घालत राहिली.

"मला काय बघवत नाही, सांगू? तू आंघोळीला कडी लावून जातेस. दाराशी कुणी रडत नाही. दहा महिन्यांत मी दार लावून अंगावर पाणी घेतलेलं नाही."

"आणि टेबल?"

"टेबलही हवंय मला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

थोरलीला राग यायला हवा होता. आला तो थोडाच, आणि त्यात हसूही मिसळलेलं.

पंधराव्या दिवशी तिनं कापड अंथरलं. रात्री साडेचार तास सलग झोप झाली होती. फार नव्हती, पण तिची स्वतःची होती. साचा सुलटा ठेवून आखला. मग हात थांबला. तिनं खडू खाली ठेवला, साच्याचा पुढचा खोलगट भाग बोटानं चाचपला, साचा उलटा केला आणि पुन्हा आखला. कटर सरसरत गेला. मास्तरांनी दोन बाह्या उचलून छातीशी धरल्या, डावीला डावी, उजवीला उजवी.

"चला, पुढचा लॉट घ्या."

धाकटीनं खडू आणि पट्टी आणून दिली आणि ती आपल्या मशीनकडे गेली. जाताना तिचा चेहरा उतरला होता. तसला चेहरा थोरलीनं रोज सकाळी आरशात पाहिलेला. तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा, चांगलं घोटभर बरं वाटलं. मग मशीनवर सुईत दोरा घालताना धाकटीचा नेम तीनदा चुकला, आणि तो घोट कडू झाला.

'ये, तुला कटिंग नीट शिकवते' असं म्हणावं, हे थोरलीच्या मनात तेव्हाच आलं होतं. म्हणायला आणखी चार दिवस लागले.