दादाच्या नावाचं रक्त

धाकट्याने रंधा मारता मारता मध्येच थांबून कंबर धरली. थोरल्याने ते पाहिलं आणि त्याच्या हातातली पटाशी लाकडावर घसरली.

"काय रे, परत?"

"वय झालं, दादा. सगळ्यांना कुठे तुझ्यासारखी इंजेक्शनं मिळतात!"

एरवी या टोमण्यावर थोरला खदाखदा हसला असता. त्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी त्याला नव्याने उभं केलं होतं. त्याआधी तो दुपारीच गळून जायचा, बायकोशीही धड बोलत नसे. डॉक्टरांची अट एकच, प्रोस्टेटसाठी ठरल्या वेळी रक्त तपासायचं. एकदा त्या तपासणीतला आकडा जरासा वर सरकला, तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा वाढला तर इंजेक्शन थांबवून कॅन्सर आहे का ते बघावं लागेल."

थोरल्याने मनाशी म्हटलं, पुन्हा ते गळाठलेलं जिणं नको रे बाबा! तसंही दोघा भावांचं सुतारकाम जन्मभर एकमेकांच्या भरवशावर चाललेलं. एकाने माप घ्यायचं, दुसऱ्याने कापायचं. गिऱ्हाइकाकडे कुणीही गेलं तरी चालायचं. मग पुढचं रक्त द्यायलाही धाकटाच गेला, थोरल्याचं नाव सांगून. हसत हसत गेला, गुणाचा भाऊ.

डॉक्टरांचा फोन आला. आकडा भलताच वाढलाय, कंबर दुखतेय का? ताबडतोब या. थोरला 'येतो' म्हणाला आणि गेलाच नाही; इंजेक्शन दुसरीकडे घेऊ लागला. रक्त आपलं नव्हतंच, मग आपल्याला कसली भीती? याला वर्ष होत आलं. मापात सुताचाही फरक खपवून न घेणारा हा माणूस, पण मग ते रक्त कुणाचं, हा विचार या शहाण्याला एकदाही शिवला नव्हता.

आत्ता शिवला. धाकट्याचा हात अजून कंबरेवरच होता.

थोरल्याने पटाशी खाली ठेवली.

"हात धू. डॉक्टरांकडे जायचंय, रक्त द्यायला."

"परत?" धाकटा हसला. "या वेळी तुझं वय किती सांगू?"

"तुझंच सांग." थोरल्याचा आवाज फाटला. "नावही तुझंच."

"माझं? मला काय धाड भरलीय?"

"वाटेत सांगतो," थोरला म्हणाला आणि धाकट्याच्या खांद्यावरचा भुसा झटकू लागला. खांदा केव्हाच स्वच्छ झाला, तरी झटकतच राहिला.