बिनटाके महाराजांनी काढलेली गाठ

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर मामा उताणा पडला होता, डोळ्यांवर ओला रुमाल. बिनटाके महाराजांनी त्याच्या उघड्या पोटात बोटं खुपसली, लाल पाणी वाहिलं आणि त्यांनी एक बुळबुळीत गाठ उंच धरली. पोटावर ना चीर, ना टाका! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"डॉक्टर चिरतात, आम्ही विनंती करतो," महाराज म्हणाले. "गाठ आपणहून बाहेर येते!"

गर्दीत पुढेच उभ्या असलेल्या मामाच्या भाचीचा मात्र जळफळाट झाला. त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर होता, वेळेत सापडलेला. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि आता मामा ते रद्द करायला निघाला होता. ती कॅन्सर रुग्णालयाच्या संशोधन विभागात होती. ऑपरेशन झालेल्यांना पाच वर्षं फोन करून खुशाली विचारायची आणि लिहून ठेवायची, हे तिचं काम.

"महाराज, गेल्या वर्षी बरे केलेले लोक आज कसे आहेत?"

"आम्ही मागे वळून पाहत नाही, बाळ."

महाराज गाठ शेजारच्या शेगडीत टाकणार, एवढ्यात तिने पिशवीतून बरणी काढून पुढे केली. "पोटातून निघालेलं तपासल्याशिवाय आम्ही फेकत नाही."

"द्या, महाराज!" भक्तच ओरडले. "जिरवा त्या डॉक्टरांची!"

आता नाही कसं म्हणणार? गाठ बरणीत पडली. भाचीने मामाच्या डोळ्यांवरचा रुमाल ओढला आणि त्याच्या हातात बरणी आणि पिशवीतला चाकू दिला. "तूच काप."

मामाचं तीस वर्षं चिकनचं दुकान. त्याने गाठ बाहेर काढून चिरली. आत पिवळी कातडी, खडे आणि मक्याचे दोन दाणे.

"कोंबडीचा पोटा आहे हा!" मामा कडाडला. "आणि लेकाने साफसुद्धा केलेला नाही!"

भाचीने महाराजांची मूठ उघडली. लाल रंगाचा फुटका फुगा खाली पडला. बोटं पोटात शिरलीच नव्हती, मऊ पोटावर नुसती दुमडली होती.

मामाने स्वतःचं पोट चाचपलं. "म्हणजे माझी गाठ आतच आहे?"

"आतच आहे, मामा. पण ती काढता येते. गुरुवारी."

वर्षाने भाचीने यादीप्रमाणे फोन लावला. "नमस्कार, कसे आहात?"

"दुकानात आहे. गिऱ्हाईक उभंय, पटकन विचार!"

बरा झालेला माणूस असा फोन उचलतो. महाराजांनी बरं केलेल्यांपैकी कुणी उचलतं का, पोट उघडं करण्याआधी एकदा लावून बघा.